मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर व्हीआर: कोणाला, कशासाठी आणि किती

आपल्या पत्रातील माहिती अशी आहे. धाकटा भाऊ बांधकामावरून पडला, त्याला पाच महिने झाले. शस्त्रक्रियेत स्क्रू आणि रॉड बसवले आहेत, डिस्चार्ज कार्डावर ‘डी-१० पॅराप्लेजिया’ (पॅराप्लेजिया म्हणजे दोन्ही पायांचा लकवा) एवढीच नोंद आहे आणि रात्री दोन्ही पायांत आग होते. शहरातील एका केंद्राने तीन महिन्यांचे व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीचे (आभासी दृश्यातील व्यायामाचे) पॅकेज सुचवले आहे. त्याने तो चालू लागेल का, पायांची आग कमी होईल का आणि पॅकेजऐवजी हेडसेट विकत घेऊन घरीच व्यायाम केला तर चालेल का, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत.

व्हीआरमुळे मज्जारज्जू बरा होत नाही. तुटलेले किंवा चेंगरलेले तंतू चष्म्यातील दृश्य पाहून जुळत नाहीत. जी हालचाल शिल्लक आहे, ती कंटाळा न येता शेकडो वेळा करून घेणे आणि पायांकडून येणारे संदेश थांबल्यामुळे मेंदूत जो गोंधळ माजतो, त्याला काही काळ वेगळे चित्र पुरवणे, ही दोनच कामे व्हीआर चांगली करते. पहिल्या कामाचा उपयोग हालचालीसाठी होतो, दुसऱ्याचा वेदनेसाठी. म्हणून केंद्राकडे किती महागडे यंत्र आहे हे पाहण्याआधी भावाच्या शरीरात नेमके काय शिल्लक आहे हे पाहावे लागते, आणि त्याच्या डिस्चार्ज कार्डावर नेमकी तीच नोंद नाही.

‘डी-१०’ म्हणजे पाठीचा दहावा मणका; त्यावरून हाडाचा कोणता मणका मोडला, एवढेच कळते. मज्जारज्जू पाठीच्या कण्यापेक्षा आखूड असतो आणि बहुतेकांत कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास संपतो, त्यामुळे मणका आणि त्याच्या आत असलेला मज्जारज्जूचा खंड एकाच क्रमांकाचे नसतात. खरी माहिती मिळते ती एशिया (अमेरिकन स्पायनल इंज्युरी असोसिएशन) श्रेणीतून. ए, बी, सी, डी आणि ई अशा या पाच श्रेण्या ठरवताना पायांची बोटे हलतात का, एवढेच पाहून भागत नाही. गुदद्वाराभोवती स्पर्श किंवा टोचणी कळते का, आत बोटाचा दाब जाणवतो का आणि तेथील स्नायू रुग्णाला स्वतःहून आवळता येतो का, हे तपासावे लागते, कारण मज्जारज्जूच्या सर्वांत खालच्या खंडांची खूण तेथेच मिळते. तेथे काहीच नसेल तर ए श्रेणी, म्हणजे पूर्ण दुखापत. संवेदना आहे पण हालचाल नाही, तर बी. सी आणि डीमध्ये दुखापतीच्या पातळीखाली हालचालही असते. डीमध्ये तेथील किमान निम्म्या प्रमुख स्नायूंत गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सांधा पूर्ण हलवण्याइतकी ताकद असते, सीमध्ये त्याहून कमी स्नायूंत. पाय हलत नाहीत म्हणून स्वतःला ‘पूर्ण’ समजणारे कितीतरी रुग्ण प्रत्यक्षात बी श्रेणीत असतात. ही तपासणी दहा-पंधरा मिनिटांत उरकण्यासारखी नसते आणि थोडी संकोचाचीही असते, म्हणून गर्दीच्या वॉर्डात ती अनेकदा राहून जाते. ती आधी करून घ्या. ज्या केंद्राने ती न करताच पॅकेज सुचवले असेल, त्याच्या सल्ल्याला मी फारसे वजन देणार नाही.

‘व्हीआर’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, हेही लक्षात घ्यावे. डोळे पूर्ण झाकणारा हेडसेट घातला की खोली दिसेनाशी होते आणि मान वळवाल तिकडे दृश्य वळते. दुसऱ्या प्रकारात समोर साधा पडदा असतो आणि कॅमेरा किंवा अंगावर लावलेले सेन्सर आपली हालचाल पडद्यावरील आकृतीपर्यंत पोहोचवतात. मज्जारज्जूच्या रुग्णांवर हालचालीसंबंधी जे अभ्यास झाले, त्यांतील पुष्कळसे दुसऱ्या प्रकाराचे आहेत. निनटेंडोचा वी आणि मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट ही घरगुती खेळांची साधनेही त्यांत वापरली गेली. तेव्हा हेडसेट नसलेले केंद्र मागासलेले, असे समजण्याचे कारण नाही.

चालण्याच्या प्रश्नाला हात घालताना ब्राझीलच्या प्रयोगाविषयी लिहिणे भाग आहे, कारण व्हीआरची जाहिरात करणारे बहुतेक जण त्याचाच आधार घेतात. मेंदूशास्त्रज्ञ मिगेल निकोलेलिस यांच्या ‘वॉक अगेन’ प्रकल्पातील एका पॅराप्लेजिक तरुणाने २०१४च्या फुटबॉल विश्वचषकाच्या उद्घाटनात, साओ पाउलोमध्ये, यांत्रिक सांगाडा घालून चेंडूला पाय लावला. २०१६मध्ये याच गटाने दुखापत जुनी असलेल्या आठ पॅराप्लेजिक रुग्णांवरील बारा महिन्यांच्या प्रशिक्षणाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या आठपैकी चौघांची श्रेणी ‘पूर्ण’वरून ‘अपूर्ण’पर्यंत सुधारली. बातमी एवढीच पसरली. त्या बारा महिन्यांत मेंदूच्या विद्युत लहरी वाचणारी टोपी, व्हीआरमधील चालणारी आकृती, पाऊल जमिनीला लागल्याचा स्पर्श हातावर देणारे साधन, वजन पेलून धरणारी रोबोटिक चालयंत्रे आणि शेवटी यांत्रिक सांगाडा, एवढे सगळे वापरले गेले आणि त्याबरोबर नेहमीची फिजिओथेरपीही चालू होती. सर्व मिळून १,९५८ तासांचे प्रशिक्षण झाले. म्हणजे माणशी सरासरी सुमारे २४५ तास. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे यांतील कोणत्या घटकाने काय साधले हे वेगळे काढता येत नाही. श्रेणी सुधारली याचा अर्थ ते रुग्ण आधाराशिवाय चालू लागले असाही नाही. हा प्रयोग मोलाचा आहे, परंतु त्यावरून तीन महिन्यांत चष्म्याने पाय चालतील असा निष्कर्ष काढणे म्हणजे रुग्णाच्या आशेवर धंदा करणे होय.

अपूर्ण दुखापतीत मात्र चित्र बरेच आशादायक आहे. झुरिकमधील एका गटाने २०१३मध्ये जुनी, अपूर्ण दुखापत असलेल्या चौदा रुग्णांना चार आठवडे, पाऊण-पाऊण तासाची सोळा ते वीस सत्रे दिली. रुग्ण बसलेले असत, बुटांवर सेन्सर असत आणि समोरच्या पडद्यावर त्यांना स्वतःच्या जागी आभासी पाय दिसत. घोटा वर उचलला की पडद्यावरचे पाऊल उचलले जाई, गुडघा सरळ केला की चेंडू उडे. पायांची ताकद, तोल आणि चालणे सुधारले, काहींची वेदनाही घटली. पुढे २०१७मध्ये याच गटाने बारा रुग्णांकडून असाच व्यायाम त्यांच्या घरी, थेरपिस्ट समोर नसताना करवून घेतला आणि ताकद व तोल यांत तेव्हाही फायदा दिसला. दोन्ही अभ्यास लहान आहेत आणि तुलनेचा गट त्यांतही नाही. तरी एक गोष्ट त्यांतून स्पष्ट दिसते: या रुग्णांच्या पायांत आधीपासून थोडी हालचाल होती आणि खेळ त्या हालचालीवरच चालत होता. जेथे हालचाल शून्य आहे तेथे सेन्सरला टिपण्यासारखे काहीच नसते.

हा फायदा व्हीआरचा की जास्त व्यायामाचा, हा प्रश्न कोणत्याही जाणत्या फिजिओथेरपिस्टच्या मनात येईलच. त्यावर सर्वांत जास्त पुरावा पक्षाघाताच्या रुग्णांवरील अभ्यासांत मिळतो. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात ७२ चाचण्या आणि २,४७० रुग्ण होते. नेहमीचा व्यायाम काढून त्याच्या जागी तेवढाच वेळ व्हीआर दिल्यास हाताच्या कामात विशेष फरक पडला नाही. नेहमीच्या व्यायामात व्हीआरची भर घालून एकूण वेळ वाढवला, तेव्हा फायदा दिसला. पक्षाघात मेंदूचा आणि ही दुखापत मज्जारज्जूची, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा येथे लागू करता येणार नाही. परंतु माझ्या कामातील अनुभव त्याच दिशेचा आहे. सलग पन्नास वेळा घोटा उचलायला सांगितला की तरुण मुलगा विसाव्यापाशी थांबतो. तीच हालचाल खेळात गुण मिळवून देत असेल तर तो दीडशेच्या पुढे जातो आणि आपण मोजत होतो हेही विसरतो. व्हीआरची खरी किंमत या वाढीव आवर्तनांत आहे. म्हणून केंद्राने फिजिओथेरपीचा तास कापून त्या जागी व्हीआर घातले असेल, तर आपण पैसे देऊन काहीही जास्तीचे घेत नाही.

भावाची दुखापत पूर्ण निघाली, तरी व्हीआर निरुपयोगी ठरत नाही. फक्त ध्येय बदलते. या पातळीवर हात पूर्ण शाबूत असतात, परंतु पोटाच्या खालच्या भागाचे आणि कमरेचे स्नायू दुबळे झाल्याने बसताना तोल जातो. बेडवरून व्हीलचेअरवर सरकणे, खाली पडलेली वस्तू उचलणे, दोन्ही हात सोडून पँट चढवणे, ही सगळी कामे बसण्याच्या तोलावर अवलंबून असतात. पलंगाच्या काठावर बसवून, पाय जमिनीवर टेकवून, समोरच्या पडद्यावरील वस्तू वेगवेगळ्या दिशांना हात लांबवून पकडण्याचा खेळ या कामासाठी उत्तम आहे. पाठीमागे थेरपिस्ट बसलेला असलाच पाहिजे. पूर्ण हेडसेट मात्र मी येथे सुरुवातीला वापरत नाही. कमरेखालून शरीर कोठे आहे याचा संदेश ज्याला येत नाही, तो माणूस तोल सांभाळण्यासाठी डोळ्यांवर फार विसंबतो. त्याचे डोळेच झाकले आणि समोर हलणारे दृश्य ठेवले, तर तो बघता बघता कलंडतो. याउलट, पडद्यावर खेळताना खोलीतील भिंत आणि पलंगाची कड नजरेच्या कोपऱ्यात राहतात.

पायांतील आग हा आपला दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते रुग्णाच्या दृष्टीने अधिक तातडीचा. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर साधारण निम्म्या रुग्णांना अशी चेताजन्य वेदना होते. स्पर्श कळत नाही आणि तरी त्याच पायात निखारे ठेवल्यासारखे वाटते, हे घरच्यांना पटत नाही. ‘कळतच नाही तर दुखतं कसं?’ असे विचारले जाते आणि रुग्ण बोलायचेच बंद करतो. वेदना खरी असते. ती पायात नसून पायांचे संदेश घेणाऱ्या मेंदू-मज्जारज्जूच्या जाळ्यात तयार होत असते. म्हणूनच दृश्य बदलून तिच्यावर परिणाम करता येईल का, हा विचार पुढे आला.

लॉरिमर मोझली या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्ट संशोधकाने २००७मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती फार साधी होती. रुग्णाला पडद्यासमोर बसवले, वरच्या भागात आरसा ठेवून त्यात त्याचे स्वतःचे धड दिसेल असे केले आणि त्याखाली दुसऱ्या कोणाचे तरी चालणारे पाय चित्रफितीतून दाखवले. रुग्ण हात हलवू लागला की आपणच चालतो आहोत असे त्याला वाटे. रुग्ण केवळ पाच होते, पण नुसती कल्पना करण्यापेक्षा किंवा नुसती चित्रफीत पाहण्यापेक्षा या आभासी चालण्याने वेदना जास्त उतरली. २०१०मध्ये बार्सिलोनाजवळच्या गुटमान संस्थेने, जिचे नाव इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात पॅराप्लेजियाच्या पुनर्वसनाचा पाया घालणाऱ्या डॉ. लुडविग गुटमान यांच्यावरून आहे, असे चालणारे दृश्य आणि कवटीवरून दिलेला सौम्य विद्युतप्रवाह एकत्र वापरून पाहिले. दोन्ही मिळून जो आराम मिळाला तो कोणत्याही एकट्या उपायापेक्षा जास्त होता. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील गटाने २०१७मध्ये हेडसेटमध्ये आभासी पाय दाखवून, त्या पायांवर टिचक्या मारल्याचे दृश्य आणि त्याच क्षणी रुग्णाच्या पाठीवर, जेथे संवेदना शाबूत आहे तेथे, खऱ्या टिचक्या असा मेळ घातला. वीस पॅराप्लेजिक रुग्णांत वेदना थोडी कमी झाली. निरोगी माणसांइतक्या सहजपणे मात्र ‘हे पाय माझे’ ही भावना रुग्णांत निर्माण झाली नाही.

या सर्वांवरून मी आपल्याला एवढेच सांगू शकतो की वेदनेसाठी व्हीआर करून पाहण्यासारखी आहे, आराम बहुधा काही तासांचा असेल आणि गोळ्या बंद करण्याचा हा मार्ग नव्हे. प्रिगॅबालिन, गॅबापेन्टिन किंवा अमिट्रिप्टिलिन यांपैकी काही चालू असेल तर डोस आपल्या मनाने बदलू नका. शिवाय या गोळ्यांनी डोके हलके वाटते आणि हेडसेटनेही गरगरते, म्हणून दोन्हींची वेळ एकत्र येऊ देऊ नये. चालण्याचे दृश्य पाहून काही रुग्णांना आग कमी होण्याऐवजी हुंदका फुटतो. पाच महिने हा काळ तसा फार नाही. भावाने अजून आपल्या शरीराशी जुळवून घेतलेले नसेल, तर पहिल्या सत्रात चालणारे पाय दाखवू नयेत. त्याला आधी विचारावे. ‘हे दृश्य वेदनेवरचा उपाय आहे, चालण्याची तालीम नाही’ हे वाक्य सत्रापूर्वी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे आणि ते घरच्यांनीही ऐकले पाहिजे.

आता धोक्यांविषयी, कारण खेळांच्या दुकानात मिळणाऱ्या हेडसेटबरोबर ही माहिती येत नाही. खेळात रमलेला माणूस बूड उचलायला विसरतो. एरवी दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर भार देऊन किंवा पुढे वाकून बैठकीवरील दाब मोकळा करण्याची सवय लावलेली असते. खेळात तास निघून जातो आणि कळत नसलेल्या कातडीखाली जखम सुरू होते. त्यामुळे पंधरा मिनिटांचा गजर लावावा आणि गजर झाला की खेळ थांबवून दाब मोकळा करावा. सत्रापूर्वी कॅथेटर घालून लघवी काढून घ्यावी. दीर्घकाळ पडून राहिलेल्या रुग्णाचा रक्तदाब बसल्यावर घसरतो. त्याची चक्कर आणि हेडसेटची मळमळ सारखीच भासते, म्हणून पहिल्या काही सत्रांत आधी आणि नंतर रक्तदाब मोजावा. अचानक हालचालीने पायांना झटके येत असतील तर पट्टा बांधूनच बसवावे. खांद्यांची काळजी तर आयुष्यभराची आहे: व्हीलचेअर ढकलणे, सरकणे, उचलणे हे सर्व त्यांनाच करायचे असते, आणि हात डोक्यावर नेऊन वार करण्याचे खेळ ते लवकर झिजवतात. मला असे खेळ चालत नाहीत. छातीच्या उंचीपर्यंतच्या हालचालीचे निवडावेत. फिट येण्याचा इतिहास असेल, तर न्यूरॉलॉजिस्टच्या परवानगीशिवाय हेडसेट घालू नये.

मानेची दुखापत असलेल्यांसाठी काही गोष्टी येथेच सांगून ठेवतो, कारण हाच प्रश्न त्यांनाही पडतो. घरगुती हेडसेटचे वजन साधारण अर्धा किलो असते आणि ते सारे मानेच्या पुढच्या बाजूला येते. मणका भरून आल्याचे सर्जनने सांगेपर्यंत ते नकोच. दुखापत डी-६ किंवा त्याहून वर असेल तर डोके ठणकणे, चेहरा लाल होणे, दुखापतीच्या वरच्या भागात घाम फुटणे आणि रक्तदाब एकदम चढणे ही लक्षणे ‘व्हीआरमुळे होत असेल’ म्हणून सोडून देऊ नयेत. ती बहुधा तुंबलेली लघवी, अडकलेला शौच किंवा टोचणारी घडी यांची खूण असते आणि तातडीने सरळ बसवून कारण दूर करावे लागते. बोटांत पकड नसलेल्यांना कंट्रोलर हाताला पट्ट्याने बांधून द्यावा लागतो. हाताची हालचाल कॅमेऱ्याने ओळखणारी सोय मनगट वर करून केलेली पकड बहुधा ओळखतच नाही, आणि रुग्ण उगाच खट्टू होतो.

तिसरा प्रश्न हेडसेट घरी घेण्याचा. मी आधी दोन गोष्टी विचारीन: भावाची व्हीलचेअर त्याच्या मापाची आहे का, आणि तिच्यावर चांगली कुशन आहे का? नसेल तर पैसे तेथे घाला. मापाच्या खुर्चीने खांदे वाचतात, कुशनने कातडी वाचते आणि बेडसोर झाला तर पुढचे सर्व पुनर्वसन, व्हीआरसकट, महिनोन् महिने थांबते. पलंग ते खुर्ची आणि खुर्ची ते संडास हे सरकणे तो स्वतः शिकला नसेल, तर तेही आधी. मुंबईतील हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेसारख्या सरकारी संस्थेत किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी विभागात हे मूलभूत प्रशिक्षण आणि एशिया तपासणी यांची सोय असते का, ते पाहावे. हे झाल्यावर आणि थोडे पैसे हाताशी असतील, तर हेडसेटला माझी हरकत नाही. मात्र बाजारातील बहुतेक खेळ उभ्या माणसासाठी बनवलेले असतात, म्हणून बसून खेळण्याची सोय आणि उंची बदलण्याची सोय आहे का हे दुकानातच पाहून घ्यावे.

केंद्रातच जायचे ठरले, तर तीन महिन्यांचे पैसे एकदम भरू नका. चार आठवडे मागा. आठवड्यातून चार ते पाच सत्रे, प्रत्येकी तीस ते पंचेचाळीस मिनिटे, नेहमीच्या फिजिओथेरपीव्यतिरिक्त. पहिल्या दिवशी काही मोजमापे लिहून घ्यायला सांगा: भिंतीशी बसून हात पुढे किती सेंटिमीटर लांबवता येतो, पलंगावरून खुर्चीवर येण्यास किती वेळ आणि किती मदत लागते, पायांत हालचाल असेल तर प्रत्येक स्नायूची ताकद किती, आणि जमत असेल तर दहा मीटर चालण्याचा वेळ. वेदनेसाठी भावाने स्वतः वहीत शून्य ते दहा असा आकडा रोज सकाळी आणि झोपताना लिहावा, सत्र असलेल्या आणि नसलेल्या दिवशीही. अठ्ठाविसाव्या दिवशी तीच मोजमापे, त्याच जागी, शक्य असल्यास त्याच थेरपिस्टकडून पुन्हा घ्यावीत. खेळातील गुण वाढले हे सुधारणेचे मोजमाप धरू नये, कारण सरावाने खेळ कोणालाही जमू लागतो. हात दोन-चार सेंटिमीटर पुढे जात असेल, सरकताना आपला आधार कमी लागत असेल किंवा रात्रीचा आकडा दोन घरे उतरला असेल, तर पुढचे चार आठवडे घ्यावेत. नसेल तर थांबावे आणि तोच वेळ व्हीलचेअरवरून उंबरठा, उतार आणि रस्ता पार करण्याच्या सरावाला द्यावा.